‘गौण’ या विशेषणाचा हिशेब

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयामुळे २००८ चे राष्ट्रीय खनिज धोरण पुन्हा तपासले गेले आणि २०१९ च्या धोरणात पिढ्यापिढ्यांमधील समन्यायाची भाषा आली. ती स्वागतार्हच होय. परंतु गोंदिया जिल्ह्यात बसून हे धोरण वाचणाऱ्यास शंका येते, की ही भाषा वैनगंगेच्या रेतीपर्यंत पोहोचते काय?

१९५७ च्या अधिनियमाने साधी रेती ‘गौण खनिज’ ठरविली. तिचे नियम कलम १५ अन्वये राज्यांनी करावयाचे. ‘गौण’ शब्द मीमांसकांच्या परिचयाचा आहे. बटूस सिंह म्हटले की मुख्यार्थ बाधित होतो आणि गुणसादृश्याने जो येतो तो गौण अर्थ. कायद्यात असा बाध कोठेच नाही. आहे ती इंग्रजी शब्दावरून आलेली लहानमोठेपणाची प्रतवारी, आणि तीही प्रयोजनावरून! विहित प्रयोजनांसाठी वापरावयाची वाळू गौण नव्हे. १९६० च्या नियमांत काच व मृत्पात्रे ही त्यांपैकीच होती. म्हणजे कण तोच, गिऱ्हाईक बदलले की वर्ग बदलतो. नदीपात्रास हा भेद कसा कळावा?

आमच्याकडे लिलाव होतो तो ‘रेतीघाटा’चा. स्नानाचा व उताराचा घाट येथे विक्रीचे एकक झाला आहे. (कोशकारांनी या अर्थाची नोंद अवश्य घ्यावी.)

शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील चिखल्याचे मँगनीज एकदा काढले की संपले. रेती पुराबरोबर पुन्हा येते. वार्षिक भरणीपुरताच उपसा, हे समन्यायाचे माप तिलाच सर्वांत सहज लावता येते. ते माप मात्र पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ व २०२० च्या वाळूविषयक मार्गदर्शक सूचनांत शोधावे लागते.