नाममुद्रा पुसली कोणी?

काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या बसस्थानकाजवळील एका दुकानातून मी मोबाइलच्या कार्डात गाणी भरून आणली. घरी येऊन पाहतो तो सुरेश भटांची गझल ‘ट्रॅक ०७’ या नावाने नांदत होती! ना कवीचे नाव, ना संगीतकाराचे, ना गायकाचे. भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. त्यांच्याच वऱ्हाडात त्यांना असे निनावी व्हावे लागले, हे मनाला लागले.

वस्तुतः गाणे फुकट वाटण्याचे आपल्याला वावडे नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने गावोगाव पसरली ती तोंडातोंडी आणि हाती लिहिलेल्या वह्यांतून. पण शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ठाण मांडून बसलेला असे. त्याला वगळले तर चरणच लंगडा पडे. संतांची ही नाममुद्रा म्हणजे कायद्याच्या आधीचा कायदा होय. गझलेच्या मक्त्यातही कवी स्वतःचे नाव असेच गुंफीत आला. परंतु आजच्या मराठी गझलेत ते असेलच असे नाही. म्हणून फाइलीवरचे नाव पुसले की कवीच पुसला जातो.

कायद्याने हात टेकले आहेत असे नव्हे. गाण्यांच्या फाइली परस्पर वाटणारे अमेरिकेतले नॅपस्टर १९९९ साली निघाले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ साली बंद पडले. वाटावाटी मात्र थांबली नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. भट २००३ साली गेले, तेव्हा त्यांचा २०६३ च्या अखेरपर्यंत. लग्नाच्या वरातीला या कायद्यात सूट आहे, म्हणजे तो अगदीच अरसिक नाही! २०१२ च्या दुरुस्तीने तर कवी-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येऊ नये अशी तजवीज केली. पण हा वाटा मोजायचा कशावरून? नावावरूनच ना? निनावी फाइलीचा हिशेब कोण मांडणार? म्हणजे नाव गेले की मानही गेला आणि धनही गेले. तबलजीची तर गोष्टच नको. त्याचे नाव पूर्वीही क्वचितच छापले जाई.

कोणी म्हणेल, त्या फाइलीमुळेच खेड्यातल्या पोराला गझल कळली. खरे आहे, आणि त्या पोराला कोर्टात खेचा असे मी म्हणणार नाही. कारण पहिला आरोपी मीच आहे. त्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलीने ती गझल म्हटली. मी गायिकेचे नाव मोठ्या तोऱ्यात पुकारले. कवीचे नाव घेण्याचे मला सुचलेही नाही. मराठी शिकवणाऱ्या मास्तराला!

या दिवाळीत शुभेच्छांबरोबर गाणी धाडाल, तर अवश्य धाडा. फक्त खाली एक ओळ लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, साथ कोणाची. शेवटच्या कडव्यातले ते नाव आता आपल्यालाच लिहायचे आहे.