साम्य आणि ऋण
दोन कृतींत साम्य दिसताच एकीने दुसरीचे ऋण घेतले असे मानणे, हा तुलनात्मक अभ्यासातील जुना मोह होय. ‘सिस्टिम शॉक’ व ‘मॅरेथॉन’ हे विज्ञानकल्पनेवर आधारलेले नेमबाजीचे व्हिडिओ खेळ १९९४ मध्ये सुमारे तीन महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. दोहोंत मानवावर उलटलेली संगणकबुद्धी आहे. तथापि एवढ्या अल्पावधीत उसनवारी संभवत नाही. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटातील ‘हॅल’ हा संगणक दोघांचा समान पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक ठरते. उलट ‘हाफ-लाइफ’ (१९९८) हा खेळ ‘क्वेक’च्या (१९९६) यंत्रणेत फेरफार करूनच रचला गेला; तेथील ऋण अनुमानाचा विषय नाही.

हाच विवेक अंबाजोगाईच्या मुकुंदराजांविषयीही आवश्यक आहे. ‘विवेकसिंधु’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ या दोहोंत ओवी आहे, अद्वैतविचारही आहे. परंतु दोन्ही गोष्टी परंपरेतून स्वतंत्रपणे लाभू शकतात. ‘विवेकसिंधु’चा शके १११० हा रचनाकाल वादग्रस्त असल्याने, अशा साम्यावरून आद्यत्वाचा निर्णय करणे धोक्याचे होय. समान वारशाने ज्याचा उलगडा होत नाही, असे विशिष्ट साम्यच ऋणाची साक्ष देऊ शकते.