गार्डियन प्रणालीची घटकरचना : लायगो-इंडियाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी वेधशाळेची चर्चा बहुधा आरसे, लेसर आणि भूसंपादन यांभोवतीच फिरते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हाही सॉफ्टवेअरकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले. वस्तुतः चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतील टांगते आरसे कार्यरत स्थितीत आणणे हे अनेक टप्प्यांचे काम आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे कोणते नियंत्रण केव्हा सुरू करावयाचे, हे 'गार्डियन' ही प्रणाली ठरविते. औंढ्याचा शोधक त्याच आराखड्याचा असल्याने तिचे परीक्षण येथे अप्रस्तुत ठरू नये.

रचना : जेम्सन रोलिन्स यांनी २०१६ मध्ये 'रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स' या नियतकालिकात या प्रणालीची मांडणी केली. पायथन भाषेतील या प्रणालीत प्रत्येक उपयंत्रणेसाठी एक 'नोड', म्हणजे अखंड चालणारे स्वतंत्र सत्र, असते. ते आपले मॉड्यूल उघडते, त्यातील अवस्था व त्यांना जोडणाऱ्या वाटा वाचते आणि मागितलेल्या अवस्थेपर्यंतचा मार्ग स्वतःच शोधते. वरिष्ठ नोड कनिष्ठाला केवळ गंतव्य अवस्था सांगतो. (कार्यालयीन उतरंडीची सवय असलेल्यांना ही रचना परकी वाटू नये, फरक एवढाच की येथे वरिष्ठ कनिष्ठाच्या टेबलावरील फाइल उघडत नाही.) एका नोडचे मॉड्यूल बदलताना इतर नोड थांबवावे लागत नाहीत. वरिष्ठाच्या अधीन असलेला नोड बिघाडामुळे खालच्या अवस्थेत घसरला, तर वरिष्ठाच्या आज्ञेशिवाय तो परत वर चढत नाही. एका घटकाने परस्पर सावरण्याचा प्रयत्न केल्यास उरलेली यंत्रणा विस्कटू शकते, हे लक्षात घेता हा नियम प्रणालीचे सर्वांत परिपक्व अंग म्हणावा लागेल.

मर्यादा : संहितेच्या भांडारात एक सामाईक विभाग आणि प्रत्येक स्थानाचा स्वतंत्र विभाग आहे. सामाईक विभाग नीटनेटका आहे. परंतु प्रकाश आरशांमध्ये बांधून ठेवण्याची मुख्य क्रमवारी, म्हणजे प्रणालीचा प्राण, स्थाननिहाय विभागात आहे. हॅनफर्डला वारा छळतो, लिव्हिंग्स्टनला आगगाड्या आणि जंगलतोड. त्यातून आलेल्या प्रतीक्षा व मर्यादांचे आकडे मॉड्यूलमध्ये दिसतात; त्यांची कारणे मात्र पुष्कळदा वेधशाळेच्या दैनंदिन नोंदवहीत विखुरलेली असतात. घटक वेगळे करण्याच्या शिस्तीने कारणेही वेगळी पडली, हा या रचनेवरील मुख्य आक्षेप होय.

हिंगोलीच्या दृष्टीने हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी जिल्ह्यात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. हॅनफर्डच्या विभागातील आकडे उचलून येथे बसविले, तर प्रणाली चालेल. पण दख्खनच्या बेसाल्टवरील या भूमीसाठी ते योग्य आहेत की नाहीत, हे मॉड्यूल वाचून कळणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील एखादा पदवीधर उद्या त्या नियंत्रण कक्षात बसला, तर पायथन त्याला महिन्याभरात उमगेल. अमुक टप्प्यावर यंत्र का थांबते, हे शोधण्यासाठी मात्र त्याला दोन दूरस्थ वेधशाळांची अनेक वर्षांची टिपणे चाळावी लागतील.