विस्मरण कोणाचे, आठवण कोणाची?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा स्मृतिभ्रंशावरचा प्रामाणिक मराठी चित्रपट आहे. २०१३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यातील संवादांचा आणि अमृता सुभाष यांच्या भूमिकेचा गौरव झाला, तो अस्थानी नव्हता. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे पंडित. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, आई म्हणू लागतात. रोग्याला हास्यास्पद न करता हे दाखवणे सोपे नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि पांढरपेशा अभिरुचीला तो पडत नाही. शास्त्रीबुवांचे वर्तमान पुसले गेल्यावर तळाशी राहते ती संस्कृत विद्या आणि आई शोधणारे मूल. म्हणून त्यांच्या विस्मरणाला तत्त्वज्ञानाची झळाळी देता येते. या रोगात बहुधा नजीकचे आधी जाते, जुने मागे राहते. मग ज्याचे जुने म्हणजे वरून ओतलेले पाणी आणि खाली धरलेली ओंजळ, त्याच्यापाशी काय राहणार? नोकरी, पक्के घर, १९५६ नंतर ताठ झालेला कणा, हे सारे अलीकडचे.

१९७८ साली विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हा विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणी रात्री धुराच्या वासाने उठून पोरांना घेऊन शेताकडे पळू लागले, तर घरचे म्हणतील ‘भ्रम झाला’, डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतील. भ्रम कसला? ती घडलेली गोष्ट आहे; फक्त तिची तारीख हरवली आहे.

नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंच्या बाबतीत शुश्रूषेच्या जगाने हे ओळखले. स्मृतिभ्रंश झालेल्या अशा वृद्धांना न्हाणीघरातला फवारा, रांग, गणवेश, कुत्र्याचे भुंकणे यांतून पुन्हा छावणी दिसे. टोरांटोच्या बेक्रेस्टसारख्या संस्थांनी त्यावर काम केले. त्यातली रीत साधी आहे. माणसाचे पूर्वायुष्य आधी जाणून घ्यायचे. अंगाला हात लावण्यापूर्वी सांगायचे, विचारायचे. ‘असे काही नाही’ म्हणून वाद घालायचा नाही. भीती खरी धरून धीर द्यायचा.

आपल्याकडे रुग्णाची माहिती लिहून घेताना मधुमेह विचारतात, रक्तदाब विचारतात. गाव का सोडले, हे कोण विचारतो? (आणि विचारणारा कोण आहे, ते पाहूनच उत्तर मिळेल.)

चन्नम्माकडेही पुन्हा पाहिले पाहिजे. पंडिताला सांभाळणारे हात माहुताच्या बायकोचे आहेत. चित्रपट तिला आईपण बहाल करतो. पण उद्या ती विसरू लागली तर तिला कोण सांभाळील, हा प्रश्न त्याच्या चौकटीत येत नाही. तो आपल्याला विचारावा लागेल. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी वस्तीतल्या म्हाताऱ्यांची आयुष्ये त्यांना सांगता येत आहेत तोवर, त्यांच्या संमतीने लिहून घ्यावीत. कोणते गाणे आवडते ते लिहावेच, पण कोणत्या आवाजाने अंग थरथरते आणि पेला कसा पुढे केलेला चालत नाही, तेही लिहावे.