कसब दुसऱ्या हाताचे

ड्राय नीडलिंग, म्हणजे औषधाविना नुसत्या सुईने केलेला उपचार, चालू असताना पाहणाऱ्याची नजर सुईवर खिळते, यात नवल नाही. पण ज्याला हे कसब खरोखर चाखायचे आहे त्याने नजर जरा बाजूला न्यावी आणि फिजिओथेरपिस्टचा दुसरा हात पाहावा, जो काहीच टोचत नाही. मान कायम धरलेली आणि त्याच बाजूचा कान महिनोन्महिने वाजतो आहे, अशा रुग्णावर हा उपचार होतो तेव्हा तर सगळी भिस्त त्या मोकळ्या हाताच्या बोटांवर असते.

सुई मानेत आणि फरक कानात, हे आधी पटायला हवे. टिनिटसचा, म्हणजे कान वाजण्याचा, आवाज कानात ऐकू येतो खरा, पण त्याचा उगम बरेचदा मेंदूच्या वाटेवर असतो. श्रवणाची नस मेंदूच्या खोडात शिरते तिथे ‘डॉर्सल कॉक्लिअर न्यूक्लियस’ नावाचा एक छोटा थांबा आहे. कानाचे संदेश तिथे उतरतात. आणि गंमत अशी, की जबड्याकडून ट्रायजेमिनल नसेचे आणि मानेच्या वरच्या मणक्यांकडचे संदेशही तिथेच येऊन मिळतात. रॉबर्ट लिव्हाइन यांनी 1999 मध्ये या थांब्यावर बोट ठेवले. मिशिगन विद्यापीठातल्या सुझन शोर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की कानाकडचा ओघ आटला की मान-जबड्याच्या संदेशांचा जोर तिथे वाढतो. म्हणूनच दात आवळले, मान वळवली की अनेकांच्या कानातला आवाज चढतो, उतरतो किंवा त्याची जात बदलते. लिव्हाइन यांच्या पाहणीत दोन-तृतीयांश रुग्णांना हे जमले होते. कानाला स्पर्शही न करता कानाच्या तक्रारीशी बोलता येईल अशी ही आडवाट शरीरानेच ठेवली आहे, आणि ती शोधून काढणाऱ्यांना दाद द्यायलाच हवी.

म्हणून जाणता थेरपिस्ट सुईच्या पाकिटाला लगेच हात लावत नाही. तो रुग्णाला दात घट्ट आवळायला लावतो. मग हनुवटी आपल्या तळव्यावर दाबायला, मान एकेका बाजूला रेटायला. दरवेळी प्रश्न एकच: आवाजात काही बदल? इथे एक बारकावा सहज निसटतो. तो ‘आवाज कमी झाला ना?’ असे विचारत नाही, कारण बरे व्हायला उतावीळ झालेला माणूस अशा प्रश्नाला मान डोलावतोच. खोली शांत, पंख्याची घरघर नाही. आणि नंतर पुन्हा मोजायचे तेही याच शांततेत. वाजणारा कान गोंगाटात दबतो, म्हणून ही काळजी. कान वाजणे आणि मान दुखणे एकदम सुरू झाले का, एकाबरोबर दुसरे वाढते का, हेही विचारले जाते. अँटवर्पच्या सारा मिशिएल्स आणि देशोदेशीच्या तज्ज्ञांनी 2018 मध्ये अशा खुणांवर एकमत घडवले. या खुणा नसतील तर चांगला थेरपिस्ट सरळ सांगतो, की तुमच्या कानासाठी माझ्या सुईचा उपयोग नाही. हा नकार मला त्याच्या टोचण्याइतकाच देखणा वाटतो.

आता तो दुसरा हात. बोटे स्नायूच्या तंतूंना आडवी फिरतात, कारण ताठरलेली दोरी लांबीच्या दिशेने चाचपली तर हाताला लागत नाही. दोरी सापडली की बोट तिच्यावरून पुढे सरकते आणि एका जागी थबकते: तिथे दाबले की रुग्ण आधी कळवळतो आणि मग म्हणतो, ‘हीच ती.’ हा ट्रिगर पॉइंट. अध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर 1983 मध्ये या बिंदूंचा जो ग्रंथ काढला, त्यात कोणत्या स्नायूची कळ कुठे उमटते याचे नकाशे आहेत. गालातल्या मॅसेटर स्नायूच्या खोल थरातला बिंदू त्याच बाजूचा कान वाजवू शकतो, ही नोंद त्यांचीच. मात्र एक गोष्ट रसिकाने लपवू नये. दोन परीक्षकांची बोटे एकाच बिंदूवर येतीलच असे नाही. या मुद्द्यावरून ट्रिगर पॉइंटच्या कल्पनेवर कडक टीका झाली आहे, आणि ती पोकळ नाही. पण म्हणूनच तयार बोटांचे मोल वाढते.

सुईबद्दल थोडक्यात. ती भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नव्हे. तिच्यातून औषध जात नाही. जाडी साधारण पाव मिलिमीटर. ती तंतू कापत नाही, त्यांच्यातून वाट काढते. प्लॅस्टिकच्या नळीतून बोटाची एक टिचकी, आणि त्वचा ओलांडली जाते. रुग्णाला बहुधा ती टिचकीच जाणवते. औषधाविना नुसत्या सुईने दुखणे शमते, हे प्राग शहरातल्या कारेल लेविट यांनी 1979 मध्ये 241 रुग्णांच्या अनुभवावरून मांडले. त्यांचे निरीक्षण आमच्या मुद्द्याला धरून आहे: सर्वांत दुखऱ्या जागेवर सुई जितकी नेमकी, तितका गुण चांगला. नेमकेपणा शेवटी येतो तो त्या दुसऱ्या हातातूनच.

हे पाहायचे तर मानेच्या बाजूच्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडवर पाहावे. कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खाचेपर्यंत तिरका उतरणारा हा स्नायू. याच्या आतल्या अंगाला कॅरोटिड धमनी धडधडते. थेरपिस्ट आधी बोटाने ती नाडी शोधतो, मग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत स्नायू अलगद उचलून तिच्यापासून दूर घेतो. सुई त्या चिमटीतच शिरते, एका बोटाकडून दुसऱ्याकडे. तिचे टोक कुठे आहे हे पलीकडचे बोट सांगते. खांद्यावरच्या ट्रॅपिझियसलाही तसाच उचलावा लागतो, कारण खाली फुप्फुसाचा शेंडा आहे आणि तिथली चूक महागात पडते. धोका टाळण्याची कृती आणि नेम धरण्याची कृती एकच असावी, यापेक्षा सुबक हस्तकौशल्य मला ठाऊक नाही.

आणि मग तो क्षण. सुई पुढे-मागे सरकता सरकता नेमक्या जागी पोचते आणि स्नायू स्वतःहून उडतो, गळाला लागलेल्या माशाने दोरीला द्यावा तसा हिसका. रुग्ण दचकतो. थेरपिस्ट मात्र शांत असतो, कारण चिमटीतल्या बोटांना तो हिसका रुग्णाच्या तोंडून ‘आई गं’ निघण्याआधीच कळलेला असतो. हा हिसका पाहू नये, ऐकूही नये. स्पर्शानेच ओळखावी अशी ही खूण आहे. चांग-झर्न हाँग यांनी 1994 मध्ये दाखवले, की हिसका आला तर आराम पडतो, नाही आला तर फारसा नाही. सुईत भूल देणारे औषध असो वा नसो. पुढे 2005 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जे शाह यांच्या गटाने सुईच्या टोकातूनच त्या बिंदूतला द्रव टिपला. मोजक्याच लोकांवरचा प्रयोग, पण काय नाजूक! दुखऱ्या बिंदूत वेदनेची रसायने जास्त होती, आणि हिसक्यानंतर त्यांतली काही उतरली.

कवटीच्या तळाशी कसोटी लागते. तिथले छोटे स्नायू मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना आणि डोक्याला बांधतात. कानाच्या त्या आडवाटेचा वरचा टप्पा हाच. पण याच कोपऱ्यात मणक्याची धमनी वळसा घेते आणि वर मेंदूकडे जाणारे दार आहे. इथे चिमटी चालत नाही, उचलायला काही हातीच लागत नाही. एक बोट दुसऱ्या मणक्याच्या उंचवट्यावर, दुसरे पहिल्या मणक्याच्या बाजूच्या टोकावर. दोन्ही बोटे जागची हलत नाहीत आणि सुई त्यांच्या मधोमध, पलीकडच्या डोळ्याच्या रोखाने जाते. हाडांनी आखलेल्या रेषेवर. चाल मंद, खेळ अजिबात नाही. या जागेच्या वरच्या स्नायूंना तर अनेक जण सुई लावतच नाहीत. बोटांच्या दाबावर भागवतात. तेही कमी प्रतीचे नव्हे. ब्राझीलमध्ये रोशा आणि सांचेझ यांनी टिनिटसच्या रुग्णांवर नुसत्या बोटांच्या दाबाने बिंदू निवळवून गुण दाखवला आहे.

मग पुन्हा तोच प्रश्न, त्याच शांततेत: आता आवाज कसा आहे? आवाज उतरला नाही तरी चांगला थेरपिस्ट आणखी सुया काढत नाही. दुखरेपणा एक-दोन दिवस राहील असे बजावतो, मानेचे व्यायाम शिकवतो आणि थांबतो.

माझा कौल असा: मानेच्या दुखण्यासाठी या सुईची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे, टिनिटससाठी पुरावा अजून अगदी तोकडा. ज्यांचा आवाज मान-जबड्याच्या हालचालीने बदलतो त्यांनी प्रशिक्षित हातांकडून हा प्रयोग जरूर करून पाहावा, कान बरा होण्याचे वचन न मागता. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी सांगाव्यात. आणि आवाज नाडीच्या ठेक्यात येत असेल किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर सुईचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.