गॉटशाल्कची कृपा

बापाने लहानपणीच फुल्दाच्या मठाला देऊन टाकलेला मुलगा मोठेपणी ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं शिकवू लागला, यात नवल ते काय? नवव्या शतकातल्या गॉटशाल्कचा असा सोपा उलगडा मलाही पटला होता. आता पटत नाही.

कारण ८२९ साली माइन्झच्या धर्मसभेपुढे त्याने उलटाच युक्तिवाद केला होता: माझ्या संमतीविना दिलेलं व्रत मला बांधत नाही, मला सोडा. मठाधिपती ऱ्हाबानुस माउरुसने कडाडून विरोध केला. म्हणजे माणसाच्या इच्छेची किंमत गॉटशाल्क चांगली जाणून होता. देवाच्या दारी मात्र ती चालत नाही, हे तो ऑगस्टीनकडून शिकला. पुण्याच्या मोबदल्यात मिळाली तर ती मजुरी, कृपा कसली?

इथवर मी त्याच्यासोबत आहे. पण ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठीच मेला, या निष्कर्षापाशी माझे पाय अडखळतात. तर्क बिनचूक आहे, भीती त्याचीच वाटते.

८४९ साली किएर्झीला त्याला फटके मारून स्वतःचं लिखाण आगीत टाकायला लावलं. मग ओविलेरच्या मठात मरेपर्यंत कोंडून ठेवलं. मत सोडलं तर अखेरचा ख्रिस्तप्रसाद मिळणार होता; त्याने सोडलं नाही.

त्याच्या दीर्घ श्रद्धाकथनातली एक जागा मला सर्वांत विलक्षण वाटते. माणसाची करणी देवापुढे कवडीमोल मानणारा हा माणूस तिथे आपलं मत खरं ठरवायला उकळत्या पिंपांतून आणि आगीतून जायची तयारी दाखवतो. चक्क अग्निदिव्य!