टिचकीचा गोतावळा

जानेवारीतल्या रविवारी टोरोंटोत बाहेर बर्फ पडत असतो आणि मंडळाच्या तळघरात चार कॅरमबोर्ड मांडलेले असतात. बोरिक पावडर भुरभुरायची, तळहाताने पसरायची, स्ट्रायकर एकदा सरकवून बघायचा. मग टिचकी! नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या उधळतात आणि लाल राणी एकटी पडते. आमच्यातले एक आजोबा हा खेळ गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत शिकले. आपल्या मागची सोंगटी अंगठ्याने घेण्याची त्यांची करामत इथे जन्मलेल्या मुली आता त्यांच्यावरच उलटवतात. राणी गेली की ‘आता कव्हर दाखव!’ हा गलका मात्र अस्सल गिरगावी.

आता नावाची गोष्ट. ‘कॅरम’ म्हणजे ‘कॅरंबोल’चं आखूड रूप, आणि तो शब्द बिलियर्ड्सचा: एका चेंडूने पाठोपाठ दोन चेंडूंना धडक द्यायची. फ्रेंचांकडे तिथल्या लाल चेंडूलाच कॅरंबोल म्हणत. त्यामागे स्पॅनिश ‘कारांबोला’, आणि कारांबोला हे फळही आहे! ते पाच धारांचं, दात आंबवणारं. पोर्तुगिजांनी फळाचं नाव आपल्याच किनाऱ्यावर उचललं. कोशांत त्याचं मूळ मराठी ‘करंबळ’ दिलेलं सापडतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही ते फळ आहे. चेंडूचं नाव फळावरूनच पडलं का, यावर जाणकारांचं एकमत नाही. मी कोकणातला, माझं मत ठरलेलं आहे.

इथल्या शेजाऱ्यांचा क्रोकिनोल तर कॅरमचा चुलतभाऊच. १८७६ साली ऑन्टारिओतल्या एकहार्ट वेटलाउफर यांनी मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी केलेला बोर्ड आजवर सापडलेल्यांत सर्वांत जुना मानतात. बोर्ड गोल, कोपरे नाहीत म्हणून जाळ्याही नाहीत; मधोमध एकच खळगी, तिचे २० गुण. खळगीभोवती आठ खुंट्या राखण करतात, त्यामुळे आमचे पट्टीचे कॅरमपटूही तिथे पहिल्या दिवशी हात चोळत बसतात. आणि नाव? फ्रेंच ‘क्रोकिन्योल’, म्हणजे चक्क टिचकी. त्यांनी निदान बोटाला श्रेय दिलं. आपण टिचकी मारतो आणि नाव घेतो फळाचं.

येत्या हिवाळ्यात शेजाऱ्यांना बोर्डासकट बोलवायचं ठरलं आहे. आपल्या तिसऱ्या बोर्डाची एक जाळी फाटली आहे. भारतातून येताना कुणी चार जाळ्या आणल्या तर बरं होईल.